वासी उत्तरायण

सगळं बडोदं आज गच्चीवर.
मी गाडीखाली, पाठीशी पोतं,
कपाळावर तेलाचा थेंब,
चार वर्षं जो नुसताच फरशीवर पडत होता.

वरून ओरडा : काप्यो छे!
खालून इद्रिसभाई : 'पहेलां जॅक, बेन,
स्प्रिंगनी थाळी नीचे. नहीं तो तमे पण पतंग.'
गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही,
म्हणून सणाच्या दुसऱ्या दिवशी ते मोकळे.
नातवंडं पाणीगेटच्या पत्र्यांवर,
गॅरेजची किल्ली कुणाच्या तरी खिशात,
मग पाने घेऊन स्कूटरवर इथेच आले.

गाडी मुकुलची. एम.जी. मिजेट, सदुसष्टची,
बाटलीहिरवी, दोन माणसं आणि एक पिशवी मावेल एवढी.
मिलवाल्यांच्या जावयाकडून घेतली तेव्हा
आईनं त्या दिवाळीत अनारसे केले नाहीत.
पुढे तो टोरांटोला गेला.
दर रविवारी फोन : 'विकलीस?'
'बघते.'
अकरा वर्षं बघतेय.

एकतीस वर्षं मी युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये
स्प्रिंगा टांगल्या. आधी हवेत, मग पाण्यात, मग ग्लिसरिनमध्ये.
'अवमंदन' असं फळ्यावर लिहायचे,
पोरं वहीत उतरवून कँटीनला पळायची.
हे कशासाठी, असं कुणी विचारलं नाही
आणि बरंच झालं, मला तरी कुठे ठाऊक होतं
की शॉकअपमधलं तेल संपलं
की गाडी रेसकोर्सजवळचा एक खड्डा
अलकापुरीच्या गरनाळ्यापर्यंत उगाळत बसते.

चाक काढलं तर आत मांजा.
गुलाबी, किंगपिनला आवळून बसलेला,
काचेची धार अजून शाबूत.
कुठल्या वर्षीचा, कुणाच्या फिरकीचा.
इद्रिसभाईंनी तो ब्लेडनं सोडवला, बोटाला गुंडाळला.
'आ पण एक वखत उडती हती,' म्हणाले,
आणि कडेला ठेवला, फेकला नाही.

तीन बोल्ट. दोन निघाले.
तिसऱ्यावर रॉकेल, हातोडीच्या तीन टकटक,
वाट बघणं, खारी सिंग, चहा, पुन्हा रॉकेल.
पान्याला नळीचा तुकडा लावून
दोघं लोंबकळलो. वय मिळून एकशे चौतीस.
कड्!
मला वाटलं मोडला.
सुटला होता.

जुना शॉकअप हातात घेतला. दांडा वर केला, खाली गळला.
पुन्हा वर, पुन्हा गळला.
कशालाच 'नाही' म्हणेना बिचारा.
नवा शेगड्यात आवळून मी पंप करत राहिले,
आतले बुडबुडे निघेपर्यंत, वीस वेळा, तीस वेळा,
आणि मधेच कधीतरी दांडा जड झाला,
हाताला उलट उत्तर देऊ लागला.
त्या क्षणी मला लॅबमधली सगळी ग्लिसरिनची भांडी आठवली,
मी शेवटच्या दिवशी धुऊन ठेवलेली.

दुसरी बाजू ऊन उतरल्यावर.
तिथे काहीच अडलं नाही, त्यामुळे सांगण्यासारखंही काही नाही.

गाडी जॅकवरून उतरवली तेवढ्यात फोन.
रविवार नव्हता. तिकडे पहाटेचे साडेपाच.
'झोप नाही लागली. पतंग दिसतायत का गं?'
'मी खाली आहे.'
'खाली कुठे?'
सांगितलं नाही. फोन बॉनेटवर ठेवला,
मडगार्डवर दोन्ही तळवे, सगळं वजन टाकलं, सोडलं.
गाडी खाली गेली, एकदा वर आली,
थांबली.

वर कुणाचा तरी पतंग कापला, अख्खी गल्ली ओरडली,
आणि ती ओरड विरल्यावर
फोनमधून बराच वेळ काही नाही.
इद्रिसभाई फडक्यानं पाने पुसत राहिले.

मग तो म्हणाला, हळू, लहानपणी म्हणायचा तसं,
'पुन्हा दाब.'