अंगठ्याचं काम

शटरच्या बटणाला दोन नोकऱ्या होत्या:
अर्धं दाबलं की नजर धरायची,
पूर्ण दाबलं की क्षण.
लेले मैदानावर गेल्या हंगामात
माझ्या फोटोंत सगळ्यात स्पष्ट कोण आलं, तर
आडवा गेलेला पंच,
त्याच्या शिट्टीच्या दोरीचा पीळसुद्धा.
आणि चेंडू घेऊन सुटलेली नूतन कंग्राळकर
मागं कुठंतरी, धुरासारखी.

इरण्णा मडिवाळर शहापुरात कॅमेरे दुरुस्त करतात.
चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"बोटाकडनं एक काम काढून घे की.
अंगठा बसून खातोय न्हवं तुझा."

मेनूच्या पोटात मेनू, त्याच्या पोटात आणखी एक.
शटरपुढची फोकसची खूण काढली,
मागच्या बटणापुढं ठेवली.
पळत्या माणसासाठी 'सतत'.
चौकोन एकच, मधला.
एवढं करायला एक चहा पुरला.
अंगठ्याला कळायला अडीच महिने.

पहिल्या सामन्यात विसरलेच.
सवयीनं बोटच दाबत राहिले,
चारशे बारा फोटो, एकालाही डोळे नाहीत.
संपादकांनी विचारलं, काल धुकं होतं काय?

मग दारात उभं राहून सराव:
उद्यमबागेतून पाळी सुटलेल्या सायकली,
तिसऱ्या रेल्वे गेटाकडं निघालेली बस.
तिची पाटी वाचायला मला अजून वेळ लागतो,
अक्षर जुळेपर्यंत बस वळलेली असते,
पण अंगठ्याला वाचायचं नसतं.
"हिडी," इरण्णा म्हणायचे, "बिडब्याड."
माझं कन्नड तेवढ्यापुरतं पुरतं.

अंतिम सामना. नूतन डावीकडनं सुटली.
अंगठा टेकलेला, ती चौकोनात.
पंच आडवा आला, अंगठा उचलला.
तो गेला, परत टेकवला.
घसरलेला मोजा, गुडघ्यावर चुन्याची पट्टी,
ओठ दातांत.
बोटानं नुसतं हो म्हटलं.

शिट्टीनंतर मी सहज
लांबच्या गोलावर अंगठा टेकवून सोडला,
तेवढ्यात पोरींनी मलाच ओढलं, करंडकाच्या शेजारी.
कॅमेरा कुणाच्यातरी भावाच्या हातात.
त्यानं वरचं बटण दाबलं, जगात सगळे दाबतात तसं.
मागच्या बटणाचं मी सांगितलंच नव्हतं.

करंडक पुसट. नूतन पुसट.
मी, पहिल्यांदाच माझ्या फोटोत, ओल्या कागदावरची शाई.
आणि आमच्या खांद्यांमधून लांब,
अंगठा जिथं सुटला होता तिथं,
हरलेल्या संघाची जोविता
गोलची जाळी सोडत उभी.
हातमोजे काखेत, गाठ दातांत,
सुतळीचा धागा न् धागा मोजता येतो.

इरण्णांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला,
बराच वेळ बघितलं.
"कोण ही?" म्हणाले.