तीनची नोंद

हवामानाच्या वहीत खोडरबर चालत नाही.
चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची,
खालचा आकडा वाचता येईल अशी.
शेजारी खरा आकडा, तारीख, सही.
आउस्गेर्दुरने हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं
आणि मी मान हलवली,
ज्यांचं अजून काही चुकलेलं नसतं ते हलवतात तशी.

आइसलँडच्या या उत्तर टोकाला
आमचं घर, दिवा, वाऱ्याचा खांब आणि सत्तेचाळीस मेंढ्या.
शंभर पावलांवर उपकरणांची खोली.
दर तीन तासांनी तिथे जायचं, पारा वाचायचा,
परत येऊन रेडिओवर आकडे सांगायचे.
माझा चेहराही न पाहिलेली माणसं
माझ्या आवाजावर बोटी सोडतात.

त्या फेब्रुवारीत पहाटे तीनला मी उठले नाही.
गजर झाला. मी ऐकला. हे आधीच लिहून ठेवते.
अंगात ताप नव्हता,
दार बर्फाने अडलेलं नव्हतं,
पांघरूण ऊबदार होतं, एवढंच.
बाराला हवेचा दाब होता नऊशे ब्याण्णव.
तीनला मी अंथरुणातूनच सांगितलं: नऊशे एक्याण्णव.
एक कमी केला, खरा वाटावा म्हणून.
खोटं काम माणूस किती मन लावून करतो!

सहाला पारा नऊशे अठ्ठ्याहत्तरवर होता.
ईस्लेवुर चारला निघाला होता.

बोट परत आली. तिघंही परत आले.
फक्त दोराच्या रहाटात
ईस्लेवुरच्या उजव्या हाताची दोन बोटं राहिली,
तर्जनी आणि तिच्या शेजारचं.
गावाने वादळाला दोष दिला.
वादळाने तो मुकाट घेतला.
मीही मुकाट, वर्षभर, ते पोटात ठेवून.

सप्टेंबरात डोंगरावरून मेंढ्या उतरल्या,
तेव्हा तो फाटकाशी उभा राहून
डाव्या हाताने मोजत होता.
मोजणी चुकली. तो हसला, पुन्हा एकपासून सुरू केलं.
त्या संध्याकाळी मी वही कोटाखाली घेऊन त्याच्या घरी गेले.

सांगायला चार वाक्यं लागली.
मला वाटलं होतं, रात्र लागेल.

माझ्याकडे बोट दाखवायचं म्हटलं,
तर त्याला दुसरा हात उचलावा लागला असता.
तो त्याने किटलीला लावला.
कॉफी ओतत म्हणाला,
“कड्यावर एक पक्षी नव्हता त्या रात्री.
मला दिसलं होतं. तरी निघालो.”
चूक अर्धी अर्धी करून घेऊ, म्हणत होता,
ताटातली भाकरी मोडावी तशी.
आणि मी हात पुढे केलाच होता जवळजवळ.
“तुझी तू बघ,” मी म्हणाले, “माझी अख्खी आहे.”

त्याने ती पोटात घातली.
त्याची बायको हॉल्ला मात्र उठून आत गेली.
दुकानात ती आजही माझ्याशी बोलत नाही.
हेही नोंदीत असू दे.

घरी येऊन मी ते पान काढलं.
नऊशे एक्याण्णववर रेघ मारली.
शेजारी खरा आकडा लिहायला गेले, तर तो नव्हता.
कोणी वाचलाच नव्हता,
आता कधी कळणारही नाही.
लिहिलं: “वाचन घेतलं नाही.” तारीख. सही.
खात्याकडून एका ओळीचं पत्र आलं
आणि दोन महिन्यांचा पगार कापला गेला.

हल्ली ट्योर्वी शिकायला आलाय, एकोणीस वर्षांचा.
परवा विचारत होता,
“एखादी नोंद अंदाजाने टाकली तर कळतं का कोणाला?”
मी ओरडले नाही. ते पान उघडून समोर ठेवलं.
त्याने रेघ पाहिली, रेघेखालचं वाचलं,
सही कोणाची ते पाहिलं
आणि बराच वेळ बुटांच्या नाड्या बांधत बसला.

पहाटे तीनला त्याचं दार वाजतं.
मी जागीच असते.
विश्वास नाही म्हणून नव्हे,
तीन वाजले की आता गजराआधी मला कळतं.