ल्युदाची सही

शेयशेनबेक खिंडीत अठरा तास अडकून पडला होता,
ट्रकमध्ये चाळीस पोती बटाटे, गोठून दगड.
परतला तेव्हा ओरडला नाही. टोपी टेबलावर ठेवून म्हणाला,
'आयझिरेक, तुमचं पत्र आलंच नाही.'

आलं होतं. त्याच्याच फोनमध्ये, स्पॅमच्या उकिरड्यावर,
वजन घटवायच्या गोळ्या आणि न काढलेल्या लॉटऱ्या यांच्या मधोमध:
हिमकडा सुटण्याची शक्यता. खिंड बंद.
मीच लिहिलेलं. पहाटे चार दहाला.

नुसतं खरं बोलून भागत नाही.
वेशीवर कोणीतरी विचारतं, कुठले तुम्ही,
आणि आपल्याच गावच्या वहीत
आपलं नाव नसतं.

रात्री ती वही उघडली, आमच्या डोमेनच्या नोंदी.
आमच्या नावाने पत्र धाडायची मुभा कोणाला?
तळघरातल्या सर्व्हरला,
जो ऑक्टोबरात आम्ही भंगारात घातला.
बिश्केकचा नवा, भाड्याचा, रात्रंदिवस राबणारा,
त्याचा उल्लेख कुठेच नाही.

पुढची नोंद सहीची. किल्लीचं नाव: ल्युदा२०११.
ल्युदमिला अर्कादियेवना.
तळघरात नमद्याचे बूट घालून बसायची,
यंत्राच्या उबेला मांजर, मांजराच्या उबेला ती.
मला म्हणायची, पूर्णविराम मोज, पोरी, आकडे नंतर.
गेल्या फेब्रुवारीत गेली.

आणि शेवटची नोंद:
ओळख पटली नाही तर काय करावं?
काही करू नये. फक्त कळवावं.
कोणाला?
ल्युदाला.

तिची पेटी उघडली. तीनशे बारा अहवाल.
कुठकुठल्या देशांतल्या यंत्रांनी न चुकता
एका मेलेल्या बाईला कळवलं होतं:
तुमच्या नावाने कोणी पत्रं धाडतंय, सही जुळत नाही,
हा कोण, बघा.

तो तोतया म्हणजे मी.

मग काय, नवा पत्ता लिहिला, नवी किल्ली पाडली,
अहवाल माझ्या नावे वळवले,
'काही करू नये'च्या जागी 'बाजूला ठेवावं' घातलं.
पूर्णविराम मोजले. एक अवतरणचिन्ह सुटलं होतं, ते लावलं.
आता एक तास थांबायचं.
जुनी नोंद जग तेवढा वेळ धरून ठेवतं,
कोणी गेल्याचं कळूनही
ताट मांडलं जावं तसं.

जुनी किल्ली लगेच काढू नये म्हणतात,
वाटेतल्या पत्रांवर तिची सही असते.
वाटेत आता तिचं एकही पत्र नाही. मला माहीत आहे.
तरी राहू दिली. बर्फ वितळेपर्यंत.

पहाटे चाचणीचं पत्र धाडलं:
तिन्ही विषयांत पास.
मग खरं: खिंड बंद.
सात मिनिटांनी शेयशेनबेकचं उत्तर.
'मिळालं. बटाट्यांचे पैसे कोण देणार?'