निळं रबर

मंगळवारचा बाजार उठला की बुधवारी
तलावाची पाळ ओळखू येत नाही.
कोबीची पानं बकऱ्या खातात,
पन्न्या कुणी खात नाही. खाल्ल्याच तर गाई,
आणि त्या काही सांगत नाहीत.

माझा ठेला पाळीवरच, मोहाच्या झाडाखाली.
सतरा वर्षं खर्रा घोटतो.
सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत भरून फळीवर घासायचा
तळहाताला ऊब येईस्तोवर,
मग पीळ, आणि निळं रबर, दोन वेढे.
तुमसरचा ठोकवाला निळीच रबरं देतो.
गावातले बाकीचे ठेलेवाले गाठ मारतात.

त्या बुधवारी सोनवंता मेश्राम जाळं झटकून आली.
झिंग्यांची टोपली खालीच ठेवली,
फळीवर ठेवला ओंजळभर गाळ.
गाळात अकरा रबरं.
"मासोरी कमी, तुहं दुकानच जास्त निंगते जाळ्यात."
एवढंच म्हणाली. शिवीही दिली नाही.
बिडीचं बंडल घेऊन गेली.

रविवारी पाण्यात बावीस ढिवरणी उतरल्या,
आणि गुलाब उईके, पंचायतीचा चपराशी,
खताच्या रिकाम्या चुंगड्या खांद्यावर टाकून.
मास्तरांनी फोटोपुरता एक कप उचलला.
मी ठेल्याची फळी पाडली आणि गेलो.
"ये" कुणी म्हणालं नाही.
"कशाला आलास" हेही नाही.

पाणी मांडीला, गाळ गुडघ्याला.
पायाच्या बोटांनी चाचपायचं:
टोचलं तर शिंपला, चिकटलं तर पन्नी.
कुणाच्या तेरवीची थर्माकोलची ताटं,
बेशरमाच्या मुळ्यांत गुंतलेली मंडपाची झालर,
एका चपलेत राहायला आलेला खेकडा
(तो तसाच सोडला),
आणि माझी रबरं.
आधी मी ती गुपचूप खिशात घालत होतो.
मग खिसा भरला.

"चुंगडीत टाक ना गा," गुलाब ओरडला,
"खिशात काहाले? पेरतंस का?"
सगळ्या हसल्या.
मीही हसलो, थोडा उशिरा.

साडेदहाला चौदा चुंगड्या भरून उभ्या.
आता टाकायच्या कुठे?
गावात टाकायची जागा एकच होती,
आणि ती आम्ही आत्ताच साफ केली होती.
बायका पदरानं तोंड पुसत एकमेकींकडे पाहू लागल्या.
झनकलाल पटले ट्रॉली द्यायला तयार,
पण तालुक्यापर्यंतचं डिझेल कुणाचं?
माझं, मी म्हणालो.
मोठेपणानं नाही. हिशेबानं.

सोमवारी ठेल्यावर खडूनं लिहिलं:
पन्नी परत आना, रुपया कमी.
दिवसाला साठ खर्रे गेले, पन्न्या आल्या सात.
त्यातल्या दोन गाठीच्या, दुसऱ्या ठेल्याच्या.
रुपया दिला.
पळसाच्या पानात घोटून पाहिला.
पान फाटतं.

बुधवारी सोनवंताबाई आली.
ओल्या हातानं फळीवर रबरं मांडली,
एक, दोन, तीन, चार,
आणि बिडीचं बंडल मागितलं.
"चार रुपये कमी कर."