तांबडं

माझ्या कोंबड्या टीव्हीत राहतात.
काच कुणी फोडली, नळी कुणी नेली,
उरलेलं खोकं मी डोक्यावरून आणलं
आणि पुढे जाळी ठोकली.
तिन्हीसांजेला त्या आत बसल्या की वाटतं,
बातम्या लागल्यात.

इथे, आक्रात, ओडॉ नदीच्या काठाला
माती अशी नाहीच. चुरा आहे.
की-बोर्डची बटणं, चार्जरच्या शेपट्या,
फ्रीजच्या पोटातला पिवळा फोम.
त्यावर बाकडं टाकून मी उकडलेली अंडी विकते,
मधोमध चिरून, आत मिरचीचा ठेचा भरून.
वायरी जाळणारी पोरं आधी अंडं मागतात, मग पाणी.
उधारी मी एका मेलेल्या मॉनिटरवर खडूने लिहिते.
पुसायला सोपं पडतं.

नपारी माझ्या बहिणीचा.
कोनफळांच्या ट्रकवर बसून उत्तरेहून आला,
तेव्हा मिसरूडही नव्हतं.
आता वायर नुसती हातात तोलून सांगतो
आत किती तांबं,
जसं आमच्या गावी म्हाताऱ्या
पोट बघून सांगायच्या, मुलगा की मुलगी.
फोम पेटवतो, वर वायरींचा गुंता टाकतो.
धूर आधी काळा, मग हिरवट,
मग वारा फिरतो आणि सगळ्यांचा होतो.
विझल्यावर राखेत हात घालून
लाल तेवढं उचलतो.

बाकीचं माझ्या कोंबड्यांचं.
त्या राख उकरतात, मान वाकडी करतात,
काय टिपतात त्यांचं त्यांना ठाऊक.
दाणे घालते की मी. पण दाण्यावर
कुठली कोंबडी भागवते?

झिफा आली ती मंगळवारी. विद्यापीठातली. बूट कोरे.
म्हणाली, सहा अंडी. मी सुरी उचलली.
म्हणाली, कच्ची.
एकेक अंडं तिने चंदेरी कागदात गुंडाळलं,
बाळाला दुपट्यात घ्यावं तसं,
वर तारीख घातली,
आणि सुटे परत न घेता गेली.

नदी दोनदा चढली, दोनदा उतरली.
मग ती कागद घेऊन आली.
एक नाव उच्चारलं तिने, लांबलचक,
आमच्या बोलीत त्याला शब्द नाही,
म्हणून हातांनी सांगू लागली:
वर जाणारा धूर, खाली बसणारी राख,
बोटांची चोच.
मग तिचा हात थांबला,
कारण शेजारी वुनपिनी बसली होती,
पाण्याच्या पिशव्या मांडून,
सातवा महिना लागलेली.

तिला मी रोज एक अंडं फुकट देत होते.
पोटातल्याला बळ यावं म्हणून.

खाऊ नका, झिफा म्हणाली.
विकू? मी विचारलं.
ती बुटांकडे बघत राहिली. आता ते कोरे नव्हते.

टीव्हीच्या पाठीला एक चिठ्ठी आहे, अर्धी फाटलेली.
झिफानेच वाचून दाखवली:
शाळा कुठलीशी, समुद्रापलीकडची, खोली बारा.
त्या खोलीतल्या पोरांनी
आज सकाळी काय खाल्लं असेल?
तिच्या कागदावर ते नव्हतं.

रात्री खोक्यावर मी गोणपाट टाकलं.
कडेने विटा ठेवल्या. ठरवलं,
उद्या सोडायच्याच नाहीत.
वुनपिनीला काय सांगायचं ते मात्र ठरेना.
झाकलेला कोंबडा आत सारखा कूस बदलत होता.

पहाटे जाग आली ती वासाने.
नपारी उकिडवा बसला होता, आग उतरत होती,
आणि पूर्वेला अजून काही नसताना
त्याच्या पायाशी, राखेत,
तांबडं फुटलं होतं.
मूठभर. किलोच्या भावाचं.

मी गोणपाटाखाली हात घातला.
एक अंडं होतं, ऊबदार.
वुनपिनी पाण्याची पाटी घेऊन येतच होती.
ते मी कानाशी धरून हलवलं,
आत काही सैल झालं असेल तर वाजेल म्हणून.

वाजलं नाही.
म्हणजे चांगलं.