बिनविरोध

नंदगडच्या शाळेत, नववी ब,
कापोलकर सर फळ्यावर लिहितात: १९२२, रोम.
"मोर्चेकरी पावसात चिखल तुडवत बसले.
नेता मागाहून आला, रात्रीच्या गाडीनं, झोपून.
राजाचं बोलावणं होतं."

"मग दार फोडलं न्हाई काय, सर?"
मागच्या बाकावरचा गुंडू.
"आतनं उघडलं की रे.
मोठी माणसं म्हणाली, चार दिवस नाचू दे,
मग घालू वेसण."

खिडकीबाहेर सोसायटीसमोर गुलाल,
हलगी, एकच फोटो, दोन भाषांत नाव.
यंदाही बिनविरोध.

थोरल्या भावाचा माघारीचा अर्ज
सरांनीच लिहून दिला होता परवा,
चहा निवायच्या आत.

"पुढं, सर?"
सर फळ्याकडे वळतात.
तेच वळणदार अक्षर.