पाठ

वल्हवणारा माणूस जायच्या दिशेला पाठ करून बसतो.
पुढचं काय ते सुकाणूवाला बघेल.
आपल्याला दिसतो मागे पडत चाललेला धक्का,
लाल पत्र्यांची घरं, मासळीचा कारखाना,
आणि समोरच्या फळीवरल्या माणसाची पाठ.

चार उन्हाळे ती तुझी होती, रोकुर.
मला ती पाठ आहे:
उजव्या खांद्याखालचा तीळ,
बनियनच्या शिवणीशी घामाचं बेट,
शेवटच्या दोनशे मीटरला
मान डावीकडे कलते, ती.

ऑक्टोबरात मेंढ्या उतरवायला गेलास.
धुकं होतं, ओलं गवत होतं,
आणि कड्याला कुणी लाडकं नसतं.
तू खाली सापडलास तेव्हा एक मेंढी
तुझ्या कानाशी निवांत चरत होती,
असं बार्बा सांगते.
दर वेळी मेंढीपाशी येते आणि हसते,
मग एकदम हसायची थांबते.

इस्पितळात तिनंच ओळख करून दिली,
"हा हानुस. तुझ्या नावेतला."
तू म्हणालास, "माझ्या नावेतला कसा?
हा तर क्लाक्सविकचा.
गेल्या उन्हाळ्यात यांनी आम्हाला हातभरानं हरवलं."

गेल्या नाही रे. चार वर्षं झाली त्याला.
तुझं आठवणं त्या शेवटच्या रेषेवर येऊन थांबतं.
त्याच रात्री बोटींच्या कोठारामागे
तू मला आधी शिव्या दिल्यास, मग अर्धी बिअर,
मग
पहाट व्हायलाच तयार नव्हती, की रात्रच झाली नव्हती,
जुलैत आमच्याकडे नक्की सांगता येत नाही.

दोघांचं असतं तोवर गुपित.
एकट्याकडे उरलं की त्याला काय म्हणायचं?
थाप, बहुतेक.

लोक तुझी चार वर्षं परत करायला येत होते,
कुणी रुबार्बच्या मुरंब्यासोबत, कुणी वाळवलेल्या मटणासोबत.
प्रशिक्षकानं सगळ्या शर्यतींच्या वेळा वाचून दाखवल्या.
आईनं फोटो आणले पिशवीभर.
तू एकेक उलटून पाहिलास,
मी कशातच नव्हतो.
फोटो मीच काढले होते.

एकातच तू कॅमेऱ्याकडे बघून हसतोयस,
जरा जास्तच.
त्यावर तू बराच वेळ थांबलास.
म्हणालास, "कोण होतं समोर?"
आई म्हणाली, "असेल कुणीतरी."
मी खिडकीतून पार्किंग बघत होतो.
सात गाड्या. एक निळी.

जूनमध्ये डॉक्टरांनी परवानगी दिली.
माझं नाव अजून तुझ्या तोंडात बसत नव्हतं,
"क्लाक्सविकवाले" म्हणायचास, किंचित खुन्नस ठेवून.
नावेत मात्र असा बसलास
जसा कालच उठून गेला होतास.
आठ वल्ही पाण्यात. पहिली दहा कच्ची, विस्कळीत.
मग तुझी पाठ वाकली, माझी वाकली,
माझा श्वास तुझ्या मानेवर,
आणि खाडी आपोआप मागे सरकायला लागली.
सुकाणूवरून ओलावी ओरडला, "हेच! हेच!"
मला ते हेच सहन झालं नाही,
मी डोळे मिटून वल्हवलं
आणि एक वल्हं चुकवलं.

धक्क्याला लागलो.
तू सुकाणूवाल्याशी वाऱ्याबद्दल बोलत होतास,
माझ्याकडे पाठच होती,
बोलता बोलता डावा हात मागे धरलास, पंजा उघडा,
करंगळी जरा दूर.

ती करंगळी दोन हिवाळ्यांपूर्वी
कोठाराच्या दारात सापडली होती.
दर सरावानंतर तिला पट्टी मी गुंडाळायचो.
हे तुला कुणी सांगितलेलं नाही.
सांगणारं कोणी नव्हतंच.

मग तुझं लक्ष गेलं.
वळलास, स्वतःच्या हाताकडे पाहिलंस,
जसं कुणी दुसऱ्याच्या कुत्र्याकडे बघतं
जे आपल्याच दारात येऊन बसलंय.
"हा काय मागतोय?" म्हणालास.

मी खिशातून पट्टी काढली.
दोन वेढे, मध्ये एक तिरपा. दातांनी तोडली.
काही बोललो नाही.
तू हात आखडता घेतला नाहीस.

"घट्ट झालं का?"
"नाही," म्हणालास. मग थोड्या वेळानं,
"क्लाक्सविकवाले,
यंदा हरवायचंय कुणाला?"